आकड्याची मुखत्यारी

वितळलेल्या पोलादाचे तापमान कसे मोजतात, हे भिलाईच्या कारखान्यात भट्टीजवळ नोकरी केलेल्या माणसास सांगावे लागत नाही. लांब दांड्याच्या टोकाला थर्मोकपलचे एक लहानसे टोपण बसवायचे, सोळाशे अंशांच्या घरात तापलेल्या त्या रसात ते काही क्षण बुडवायचे, आकडा उतरवून घ्यायचा, आणि जळून निकामी झालेले टोपण टाकून देऊन पुढच्या मोजणीस नवे लावायचे. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली झालेल्या करारान्वये जो कारखाना उभा राहिला आणि ज्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, त्याने या मुलखातील दोन-तीन पिढ्यांना मोजमापाची एक शिस्त लावली. उपकरणाची वेळच्या वेळी तपासणी झाल्याखेरीज त्याच्या आकड्यावर विश्वास टाकायचा नाही, आणि आकडा हाती आला की त्यावर काय करायचे याचा निर्णय लांबवायचा नाही, ही ती शिस्त.

दुर्ग-भिलाई या जोडनगरीत, मोहन नगरासारख्या वस्त्यांतून, मराठी कुटुंबे बरीच जुनी आहेत. नागपूरकर भोसल्यांचा अंमल एकेकाळी छत्तीसगडावर होता, आणि पुढे १९५६ पर्यंत मध्यप्रांताची राजधानीही नागपुरासच असल्याने कचेरी, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने माणसे इकडे येत राहिली. कारखाना आल्यावर त्यांत भर पडली. आता या घरांतील कर्ती पिढी निवृत्त झाली आहे, आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर किंवा फ्रिजवर औषधांच्या डब्यासोबत आणखी एक वस्तू हटकून दिसते. तिला घरात कोणी ग्लुकोमीटर म्हणत नाही. ती ‘शुगरची मशीन’. हिचीही पट्टी एकदा रक्तात बुडवायची आणि टाकून द्यायची. साम्य मात्र तेवढ्यावरच संपते. कारण कारखान्यातल्या उपकरणामागे जी व्यवस्था उभी असते, तिचा येथे मागमूस नसतो. आकडा किती मर्यादेत खरा धरावा, हे या घरच्या यंत्राबाबत कोणी सांगितलेले नसते. आणि तो पाहून काय करावे, हे तर मुळीच सांगितलेले नसते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख ठरविली. त्या अफाट समुदायापैकी ज्यांच्या घरी हे यंत्र आहे, त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या बहुधा या दोन उणिवांपाशीच येऊन थांबतात.

पहिली तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. सकाळी यंत्र १७० दाखविते, त्याच सकाळी प्रयोगशाळेचा कागद १४८ सांगतो. शेजाऱ्यांचे यंत्र आणून पाहिले तर ते १९० म्हणते. आणि उजव्या हाताऐवजी डाव्या हाताचे बोट टोचले तर चौथाच आकडा येतो. यावरून यंत्र बिघडले, असा निष्कर्ष काढून ते कपाटात टाकले जाते. वस्तुतः या यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक २०१३ पासून प्रचलित आहे, त्याने विचलनाची परवानगीच दिलेली आहे. रक्तातील साखर दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर शंभरांपैकी पंचाण्णव वेळा यंत्राचा आकडा खऱ्या आकड्याच्या १५ टक्के मागेपुढे असला म्हणजे पुरे. शंभराच्या खाली असेल, तर १५ मिलिग्रॅम मागेपुढे चालतो. आणि उरलेल्या पाच वेळांची तर एवढीही हमी नाही. याचा सरळ अर्थ असा की, खरी साखर २०० असताना एका यंत्राने १७० आणि दुसऱ्याने २३० दाखविले, तरी दोन्ही यंत्रे कसोटीस उतरली असेच म्हणावे लागेल. ही गोष्ट खोक्यातल्या घडीपत्रकात बारीक टाइपात कोठेतरी असते. यंत्र विकताना मात्र ती कोणी सांगत नाही, आणि पडद्यावर ठसठशीत उमटलेल्या तीन अंकांकडे पाहून तिची शंकाही कोणास येत नाही.

हा फरक उत्पन्न कोठून होतो, हे पाहण्यासाठी पट्टीच्या आत डोकावले पाहिजे. पट्टीच्या टोकाशी केसासारखी बारीक नळी असते. ती मिलिलिटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी रक्त आपणहून शोषून घेते. आत एका विकराचा अतिशय पातळ थर पसरलेला असतो. हे विकर रक्तातील ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन एक मध्यस्थ रसायन विद्युदग्रापर्यंत पोहोचविते, आणि जो अत्यल्प प्रवाह वाहतो त्यावरून यंत्र पाच-सहा सेकंदांत आकडा मांडते. म्हणजे यंत्र साखर पाहत नाही. ते विजेचा प्रवाह पाहते आणि साखरेचा अंदाज करते. ज्या ज्या गोष्टीने हा प्रवाह किंवा ते विकर बदलते, त्या त्या गोष्टीने आकडाही बदलतो.

त्यांतली पहिली गोष्ट उष्मा. पट्ट्यांची डबी बहुधा ४ ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवावी असे तिच्यावर छापलेले असते, आणि यंत्र सामान्यतः १० ते ४० अंशांत चालते. दुर्गचा मे महिना ज्याने काढला आहे, त्यास या आकड्यांचे हसू येईल. बाहेर पारा ४४-४५ अंशांवर गेलेला, पत्र्याच्या किंवा उघड्या गच्चीखालच्या खोलीत दुपारभर भट्टी पेटलेली, आणि वीज गेली की कूलरही बंद. अशा वेळी यंत्र एकतर तापमापकाचे चिन्ह दाखवून काम नाकारते, आणि त्याची ती प्रामाणिक वागणूक म्हटली पाहिजे. किंवा आठवडेच्या आठवडे उकाड्यात पडून विकर अर्धमेले झालेल्या पट्टीवर विसंबून ते निःशंकपणे चुकीचा आकडा देते. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात तर डबी बाहेर काढून उघडताच थंड पट्टीवर हवेतले दव जमते. डबीच्या आत ओल शोषणारा थर असतो तो याचसाठी, आणि म्हणूनच ‘चार पट्ट्या कागदात गुंडाळून द्या’ अशी सोय औषधाच्या दुकानदाराकडे मागणे म्हणजे पैसे देऊन खराब आकडा विकत घेणे होय. घरातील सर्वांत थंड व कोरड्या खोलीत, भिंतीला लागून असलेल्या कपाटात, झाकण गच्च लावलेली डबी ठेवणे आणि ती उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहिणे, एवढाच व्यवहार्य उपाय आहे; कारण डबी उघडल्यानंतर अनेक पट्ट्यांची मुदत काही महिन्यांवर येते, छापलेली अंतिम तारीख त्यापुढची असली तरी.

दुसरी गोष्ट हाताची. मे महिन्यातलाच प्रसंग घ्या.

“बाबा, दोनशे चौऱ्याऐंशी आली.”

“कशी येईल? रात्री तर पोळी-भाजीच खाल्ली.”

“हात धुतले होते का?”

“धुवायचे कशाला? कापूस लावला ना तू.”

बाबांनी सकाळी नातवासाठी आंबे पिळून दिले होते. अशा हातांनी रुग्णाच्या साखरेऐवजी आंब्याची साखर मोजली जाते, ही थट्टा नव्हे. जपानी संशोधकांनी २०११ साली हे प्रयोगाने दाखविले: फळ सोललेल्या बोटातून घेतलेला थेंब साखर भलतीच वाढलेली दाखवितो, बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यावरही दाखवितो, आणि वाहत्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र आकडा ताळ्यावर येतो. तेव्हा हात साबणपाण्याने धुवून पुरते कोरडे करावेत. टोचायचे ते बोटाच्या टोकावर नव्हे तर कडेला, कारण तेथे दुखते कमी. थेंब येत नाही म्हणून बोट जोराने पिळू नये, त्याने पेशींभोवतीचे पाणी रक्तात मिसळते. हात खाली सोडून, किंवा थंडीत तो कोमट पाण्यात धरून, थेंब आपणहून येऊ द्यावा. आयुष्यभर लोखंड हाताळून ज्यांच्या बोटांना घट्टे पडले आहेत, त्यांनी टोचणीची खोली एक खूण वाढविण्यास संकोच करू नये. आणि सुई ज्याची त्याची निराळी. घरात यंत्र एक आणि मधुमेही तीन असे चित्र आपल्याकडे सर्रास दिसते. टोचणी मात्र सामायिक असता कामा नये, कारण काविळीचे विषाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही पसरतात.

तिसरी गोष्ट खुद्द रक्ताची, आणि ती छत्तीसगडाच्या व शेजारच्या विदर्भाच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या, तर बहुतेक यंत्रांचा आकडा खऱ्याहून अधिक येतो. पेशी प्रमाणाबाहेर दाट असल्या, तर कमी. काही नवी यंत्रे याची दुरुस्ती करतात, सर्व करीत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, हे स्मरले म्हणजे ही बाब किती घरांना लागू पडते ते कळेल.

त्यातही सिकलसेलचा प्रश्न निराळा. हा आनुवंशिक विकार छत्तीसगड, गडचिरोली, गोंदिया या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. मधुमेहाशी त्याचा संबंध असा. डॉक्टर ज्या ‘तीन महिन्यांच्या सरासरी’वर, म्हणजे एचबीएवनसी या तपासणीवर भिस्त ठेवतात, ती तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण सांगते; पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यात मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब राहतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी याहून कितीतरी लवकर मरतात. साखर चिकटावयास त्यांना अवधीच मिळत नाही, आणि तपासणी खोटी कमी येते. लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात नेमके उलट घडून ती खोटी अधिक येऊ शकते. अशा माणसांच्या बाबतीत प्रयोगशाळेचा तो मातबर आकडाच संशयास्पद ठरतो, आणि बोटावरच्या थेंबाचे महत्त्व वाढते. म्हणून या भागातल्या मधुमेह्याने आपल्या डॉक्टरांना ‘माझी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, आणि तिच्यामुळे एचबीएवनसीचा अर्थ बदलतो का’ हा प्रश्न एकदा तरी विचारलाच पाहिजे.

येथवरच्या अडचणी यंत्राच्या आणि शरीराच्या झाल्या. यापुढची अडचण वेळेची. ‘उपाशीपोटी’ आणि ‘जेवणानंतर दोन तासांनी’ हे दोन रकाने ज्याने आखले, त्याच्या डोळ्यांसमोर रात्री झोपून सकाळी उठणारा माणूस होता. पाळीपाळीने चालणाऱ्या गावात हा माणूस तितकासा सर्वत्र आढळत नाही. जो रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, ज्याने पहाटे चारला डबा खाल्ला आहे आणि जो आता झोपणार आहे, त्याची सकाळी सातची साखर कोणत्या रकान्यात लिहावी? पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की इन्सुलिनच्या, गोळीच्या आणि जेवणाच्या अशा तिन्ही वेळांची उलथापालथ होते. अशा वेळी घड्याळ बाजूला ठेवून ‘मुख्य झोपेनंतर, काही खाण्यापूर्वी’ आणि ‘मुख्य जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी’ असे लिहिणे अधिक समंजसपणाचे. भाताच्या या मुलखात जेवणाआधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवणे तर फारच उद्बोधक असते. भाताची एक वाटी आणि दोन वाट्या यांतला फरक कोणत्याही उपदेशापेक्षा ते अधिक स्पष्टपणे सांगतात. यंत्र व प्रयोगशाळा यांची तुलना करावयाची ती मात्र उपाशीपोटीच करावी, कारण जेवणानंतर बोटाच्या केशवाहिन्यांतील साखर शिरेतल्या साखरेहून स्वभावतःच अधिक असते. आणि प्रयोगशाळाही अस्खलनशील नव्हे: नळीत घेतलेले रक्त वेळेवर निराळे केले नाही, तर त्यातील पेशी आपली साखर खातच राहतात आणि दर तासाला ती काही टक्क्यांनी घटते.

इतके सारे असूनही हे यंत्र मनुष्याच्या हाती यावे यासाठी जो झगडा झाला, तो पाहिला म्हणजे त्याचे खरे प्रयोजन उमगते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मधुमेह्याच्या हाती असे ते केवळ बेनेडिक्टचे निळे द्रावण. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. निळे राहिले तर ठीक, हिरवे झाले तर थोडी साखर, पिवळे-नारिंगी म्हणजे बरीच, विटकरी म्हणजे अनर्थ. परंतु रक्तातील साखर १८० च्या आसपास गेल्याखेरीज ती सहसा लघवीत उतरत नाही. म्हणजे हे रंग काही तासांपूर्वीची वार्ता सांगत, आणि साखर घसरून माणूस बेशुद्धीच्या काठावर आला असेल तर त्याविषयी मौन पाळीत. रक्ताच्या थेंबावर रंग बदलणारी पट्टी १९६५ च्या सुमारास आली, आणि १९७० मध्ये अमेरिकेतील एम्स कंपनीने त्या पट्टीवरील रंगाचे परावर्तन मोजणारे यंत्र काढले. त्याचे वजन किलोच्या घरात होते, किंमत शेकडो डॉलर होती, आणि ते दवाखान्यांसाठी होते. रुग्णास ते मिळत नसे.

रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या अभियंत्यास बारा वर्षांचा असल्यापासून मधुमेह होता. त्याने ते यंत्र मिळविले ते डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर. दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजून, आहार व इन्सुलिन त्याप्रमाणे बदलून त्याने आपली प्रकृती सुधारली. ही हकिगत लिहून काढली, तर वैद्यकीय नियतकालिकांनी ती नाकारली. तेव्हा हा गृहस्थ वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि पदवी घेऊन डॉक्टर झाला. रुग्णाने आपला आकडा आपण पाहावा, ही आज क्षुल्लक वाटणारी गोष्ट तेव्हा व्यवसायबाह्य आगळीक समजली जात होती. पुढे १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचे विद्युत्-रासायनिक यंत्र बाजारात आले आणि हा प्रश्न निकालात निघाल्यासारखा वाटला.

तो खरोखर निकालात निघाला नव्हता. त्वचेखाली तार ठेवून साखरेचा अखंड आलेख काढणारे पहिले उपकरण अमेरिकेत १९९९ साली मंजूर झाले, तेव्हा ते अंगावर बाळगणाऱ्या रुग्णास त्यातले आकडे दिसतच नसत. तीन दिवसांनी डॉक्टरांच्या संगणकावर ते उतरवून घेतले जात. दंडावर चिकटविण्याची आणि चौदा दिवस चालणारी चकती २०१४ मध्ये युरोपात आली, तेव्हा तो आलेख पाहणे रुग्णास सोपे झाले. आपल्याकडेही आता ती मिळते, आणि तिच्यासोबत तक्रारींची नवी यादीही. एका चकतीस काही हजार रुपये पडतात आणि पंधरवड्याने नवी घ्यावी लागते. उन्हाळ्यात घामाने ती मुदतीपूर्वीच सुटून येते. फोन जुना असला तर तिचे त्याच्याशी जमत नाही. ती रक्तातली साखर मोजत नसून पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातली मोजते, आणि तो द्रव रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असतो; म्हणून साखर वेगाने चढत-उतरत असताना चकती व बोट यांचे एकमत होत नाही. रात्री त्या दंडावर झोपले की दाबामुळे आकडा खोटाच घसरतो आणि मध्यरात्री भोंगा वाजून सारे घर उठते. काही चकत्यांना क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा चकविते, काही जुन्यांना पॅरासिटामॉल. तरीही इन्सुलिन घेणारास तिच्यातील बाण, म्हणजे साखर वर चालली आहे की खाली ही दिशा, आकड्याहूनही मोलाची वाटते. आणि ते योग्यच आहे. मात्र न टोचता साखर सांगण्याचा दावा करणाऱ्या मनगटी घड्याळांपासून व अंगठ्यांपासून दूर राहावे. अशा एकाही उपकरणास मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला.

पैशाचा हिशेबही येथेच उरकू. यंत्र स्वस्त, कधी पट्ट्यांच्या डबीबरोबर फुकटही. पट्टी मात्र त्याच कंपनीची, त्याच यंत्राची. पट्टी वीस रुपयांस धरली आणि दिवसातून दोनदा मोजले, तर महिन्याचे बाराशे रुपये होतात, आणि ते बहुधा पदरचेच. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ पासून ग्लुकोमीटर औषध कायद्याच्या कक्षेत आणला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यावरील व्यापारी नफ्यास ७० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, हे स्वागतार्ह होते. तथापि घरखर्चास भोक पडते ते पट्टीने. परदेशी असलेला पुतण्या कौतुकाने तिकडचे यंत्र घेऊन येतो, तेव्हा तर आणखी एक पंचाईत होते. त्याच्या पट्ट्या येथे मिळत नाहीत. आणि ते यंत्र इंग्लंडातले असेल, तर पडद्यावर ‘७.८’ पाहून काकूंच्या पोटात गोळा येतो. तिकडचे माप निराळे. त्याला अठराने गुणले की आपले १४० येतात.

आता मूळ प्रश्न. एवढा खर्च आणि एवढा त्रास करून मोजल्याने लाभ होतो काय? संशोधनाने याची दोन निरनिराळी उत्तरे दिली आहेत. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर सुमारे दहा वर्षे चाललेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून चार वा अधिक वेळा साखर मोजून त्याप्रमाणे इन्सुलिन बदलणाऱ्यांत नेत्रपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. उलट, इन्सुलिन न घेणाऱ्या मधुमेह्यांवर इंग्लंडात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत घरी मोजणारे व न मोजणारे यांच्या साखरेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ही विसंगती वरवरची आहे. पहिल्या अभ्यासातील रुग्णांच्या हाती आकडा होता, आणि त्या आकड्यावरून मात्रा बदलण्याचा अधिकारही होता. दुसऱ्या प्रकारात रुग्णांनी आकडा मोजला, वहीत लिहिला, आणि गोळी तीच, जेवण तेच, पुढची भेट तीन महिन्यांनी. आकड्याबरोबर त्याची मुखत्यारी आली नाही, म्हणजे आकडा केवळ धास्ती देतो. वाढलेला दिसला की माणूस स्वतःला अपराधी समजतो, दोन-चार वेळा तसे झाले की यंत्राचा राग येतो, आणि मग यंत्र बंद. अमेरिकेतच २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इन्सुलिन न घेणाऱ्यांनीच, पण नेमून दिलेल्या वेळी मोजून आकड्यांचा तक्ता ठेवला, आणि डॉक्टरांनी तो प्रत्यक्ष वाचून उपचार बदलले, तेव्हा त्यांना लाभ झाला.

यावरून जो व्यवहार निघतो, तो खर्चाच्या दृष्टीनेही सोयीचा आहे. जे इन्सुलिन घेतात, किंवा ज्यांच्या गोळ्यांनी साखर एकदम घसरू शकते, त्यांनी डॉक्टरांनी ठरविल्याप्रमाणे नित्य मोजावे. घाम, कंप, घाबरेपणा जाणवला आणि यंत्राने ८० दाखविले, तर यंत्रापेक्षा शरीरावर विश्वास ठेवावा. कारण खरी साखर त्या वेळी पासष्टही असू शकते. सुमारे पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. ज्यांची साखर गोळ्यांवर स्थिर आहे, त्यांनी रोज सकाळी सवयीने एक पट्टी खर्ची घालण्याऐवजी डॉक्टरांच्या भेटीपूर्वीचे तीन दिवस निवडावेत, जेवणाआधी व नंतर मोजावे, काय खाल्ले आणि पाळी कोणती होती हे शेजारी लिहावे, आणि ते दप्तर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावे. एखादा विचित्र आकडा आला, तर औषध बदलण्यापूर्वी हात धुवून नव्या पट्टीने पुन्हा पाहावे. एका आकड्यावर काही ठरवू नये. चार-पाच आकड्यांचा कल पाहून ठरवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र घेण्याची शिफारस जे डॉक्टर करतील, त्यांच्याकडून चार ओळी कागदावर लिहून घ्याव्यात: केव्हा मोजायचे, कोणत्या आकड्याखाली काय खायचे, कोणत्या आकड्यावर सलग किती वेळा गेल्यास मात्रा किती बदलायची, आणि कोणत्या आकड्यास थांबू नये, तडक दवाखाना गाठावा. या ओळी लिहिण्यास पाच मिनिटे लागतात, आणि त्या नसतील तर पट्टीचे वीस रुपये निव्वळ चिंतेवर खर्च होतात. ज्या आकड्यावर काहीच करायचे नाही, तो मोजण्याचे बंधनही नाही. आणि जो मोजायचा, त्यावर काय करायचे हे ज्याच्या बोटातून थेंब निघतो त्याला अगोदरच ठाऊक असले पाहिजे.